म्हाताऱ्या कुत्र्याचा सांभाळ: मुंबईच्या जीवदयेची दोन शतके

ब्रिटिश अमदानीतील मुंबईत जे सुरुवातीचे मोठे दंगे झाले त्यांपैकी एक कुत्र्यांवरून झाला, आणि त्या दंग्याच्या पाठोपाठ शहरात जी संस्था उभी राहिली ती आजही भुलेश्वरच्या गजबजाटात आपल्या मूळ जागी टिकून आहे. तेव्हापासून आजवर मुंबईत कुत्र्यांविषयी कायदे झाले, रुग्णालये निघाली, हत्येच्या मोहिमा चालल्या आणि थांबल्या. मात्र या साऱ्या इतिहासात एका विशिष्ट कुत्र्याचा वेगळा विचार फार उशिरा झाला. तो कुत्रा म्हणजे घरात वाढलेला, माणसाच्या हातून खाण्याची सवय लागलेला, आणि म्हातारा किंवा आजारी झाल्यावर रस्त्यावर सोडून दिलेला. रस्त्यावर जन्मलेल्या कुत्र्याला आपली गल्ली, आपली टोळी आणि अन्नाची ठिकाणे ठाऊक असतात. घरातून काढलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला यांपैकी काहीच ठाऊक नसते, त्यामुळे दोघांची गरज मुळातच निराळी असते. तरीही बहुतेक सर्व व्यवस्थांनी दोघांना 'भटका कुत्रा' या एकाच नावाखाली जमा केले. त्यातून काय निष्पन्न झाले, हे मुंबईच्या उदाहरणावरून नीट पाहता येते, कारण पश्चिम भारतातील जीवदयेच्या जवळजवळ सर्व परंपरा या एका शहरात एकत्र आल्या होत्या.

यांतील सर्वांत जुनी परंपरा गुजरातची. म्हाताऱ्या, लंगड्या आणि निरुपयोगी ठरलेल्या जनावरांना मरेपर्यंत पोसणाऱ्या आश्रयस्थानाला गुजरातीत आणि मराठीत पांजरपोळ म्हणतात. गोशाळेत मुख्यतः गाईंचा सांभाळ होतो, तर पांजरपोळीत जनावराची जात पाहिली जात नाही, असा या दोहोंतला स्थूल भेद सांगता येईल. राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी १५८३ मध्ये होर्मुझला पकडला जाऊन गोव्याच्या तुरुंगात आला आणि 'ख्रिस्तपुराण'कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांच्या मदतीने सुटला, हे मराठी वाचकाला ठाऊक असण्याचा संभव आहे. त्याच फिचने आपल्या प्रवासवृत्तात खंबायतच्या लोकांकडे लंगडी कुत्री, मांजरे आणि पक्षी यांच्यासाठी रुग्णालये असल्याचे नोंदवले आहे. युरोपात अशी कल्पनाही रूढ नव्हती त्या काळातील ही नोंद आहे. या संस्थांमागे जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांचा पैसा होता, आणि त्या पैशामागे अहिंसेचे व्रत होते. सोळाव्या शतकात लंगड्या कुत्र्याला सांभाळण्याची तरतूद करणारा समाज आपल्या शेजारच्या प्रांतात होता, ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशीच आहे.

महाराष्ट्रातील हिंदू घरांची रीत याहून थोडी वेगळी होती. वैश्वदेवानंतर जे अन्न भूमीवर ठेवायचे त्यात कुत्र्याचा वाटा धर्मशास्त्राने सांगितलेला होता, दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्रे होते, खंडोबाच्या उपासनेत कुत्र्याला मान होता, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव कीर्तनाकीर्तनांतून भेटत होते. पण या सर्व संस्कारांचा रोख कुत्र्याला घास घालण्याकडे होता. कुत्र्याला ठेवून घेण्याकडे नव्हता. कुत्रा उंबऱ्याबाहेरचा मानला गेला, त्यामुळे शिळी भाकरी त्याला मिळाली, तरी तो आजारी पडल्यास किंवा म्हातारा झाल्यास त्याचे काय करायचे याची जबाबदारी कोणा एका घरावर पडली नाही. घास घालणे आणि सांभाळणे यांतील हे अंतर पुढच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात वारंवार आडवे येते.

सांभाळण्याची जबाबदारी स्पष्ट शब्दांत सांगणारी परंपरा मुंबईला पारशांकडून मिळाली. अवेस्ता या जरथुश्त्री धर्मग्रंथसमूहातील 'वेंदिदाद' हा शुद्धी-अशुद्धीच्या नियमांचा ग्रंथ असून त्याच्या प्रकरणांना फर्गर्द म्हणतात. त्यातील तेरावा फर्गर्द जवळजवळ संपूर्ण कुत्र्याविषयी आहे. मेंढपाळाच्या कुत्र्याला निकृष्ट अन्न देणे हे पहिल्या प्रतीच्या गृहस्थाला निकृष्ट अन्न वाढण्याइतके, आणि घरराखणीच्या कुत्र्याला तसे अन्न देणे हे मध्यम प्रतीच्या गृहस्थाचा तसाच अवमान करण्याइतके पाप आहे, असे तेथे सांगितले आहे. त्याच फर्गर्दात कुत्र्याच्या वार्धक्याचा थेट उल्लेख येतो: सर्व सत्प्राण्यांत कुत्रा सर्वांत लवकर म्हातारा होतो, कारण खाणाऱ्यांच्या शेजारी तो उपाशी बसतो आणि ज्यातले काहीच त्याला मिळत नाही अशा मालमत्तेची राखण करतो, म्हणून त्याला दूध, चरबी आणि मांस द्यावे, असा त्या वचनाचा आशय आहे. पिसाळलेल्या किंवा वास घेण्याची शक्ती गमावलेल्या कुत्र्यावर श्रद्धावान माणसावर करावेत तसे उपचार करण्याची आज्ञाही तेथेच आहे, आणि तो विहिरीत वा नदीत पडून दगावेल म्हणून त्याला बांधून ठेवण्याची सूचना आहे. पंधराव्या फर्गर्दात तर कुत्र्याला न फोडलेली कठीण हाडे किंवा तोंड भाजेल इतके गरम अन्न घालणे, आणि ते हाड दातांत वा घशात अडकणे, हा गंभीर अपराध ठरवला आहे. दात झिजलेल्या कुत्र्याला कोणी कधी सांभाळले असेल त्याला या नियमाचे मोल लगेच कळेल. पारशांच्या अंत्यविधीत 'सगदीद' म्हणजे मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पडू देणे हा आवश्यक भाग असल्याने कुत्रा हा त्यांच्या दृष्टीने विधीतला सहभागी होता. त्याला मारणे हा केवळ निर्दयपणा नव्हता, तर धर्मावरचा आघात होता.

१८३२ चा दंगा या पार्श्वभूमीवर समजून घेतला पाहिजे. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात या समजुतीने मुंबई सरकारने वर्षातील काही ठरावीक आठवड्यांत मोकाट कुत्री मारण्याची परवानगी दिलेली होती. त्या वर्षी ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवण्यात आली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे इनाम दिले जात असल्याने मारेकऱ्यांचा उत्साह वाढला. मोकाट कोणते आणि पाळलेले कोणते याचा विचार करण्यात इनाम मिळवणाऱ्याचा फायदा नव्हता. ६ जून रोजी, पारशांच्या पवित्र दिवशी, फोर्ट भागात कुत्री मारणाऱ्या युरोपीय शिपायांवर जमाव चालून गेला, आणि दुसऱ्या दिवशी हरताळ पडला. बाजार बंद झाला, पालख्या आणि गाड्या थांबल्या, लष्कराच्या रसदीलाही अडथळा झाला. जैन आणि हिंदू व्यापारीही त्यात सामील झाले होते. शेवटी दंगाविरोधी फर्मान वाचून सैन्य बोलावले गेले, धरपकड झाली आणि पुढाऱ्यांना शिक्षा झाल्या. नंतर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यांनी मध्यस्थी केली, आणि कुत्र्यांना ठार न करता शहराबाहेर हलवण्याचा मार्ग पुढे आला. पण हलवायचे तर कोठे, आणि तेथे त्यांना खायला कोण घालणार, या प्रश्नाला सरकारकडे उत्तर नव्हते.

उत्तर व्यापाऱ्यांनी दिले. जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशहा म्हणजे मोतीचंद अमीचंद, एक पारशी आणि एक जैन, दोघेही चीनच्या व्यापारात गब्बर झालेले, यांच्या पुढाकाराने १८३४ मध्ये मुंबई पांजरपोळ स्थापन झाली. मोतीशहा त्यानंतर दोनच वर्षांनी वारले. भायखळ्याचे आदिनाथ मंदिर आणि पालिताण्याच्या शत्रुंजय डोंगरावरील त्यांची टूंक यांमुळे त्यांचे नाव जैन समाजात घरोघरी माहीत आहे. संस्थेचा खर्च भागवण्यासाठी व्यापाऱ्यांनी बाजारात येणाऱ्या मालावर आपण होऊन 'लागा' म्हणजे ऐच्छिक कर बसवून घेतला. सरकारी हुकूम नसताना व्यापारी स्वतःच्या नफ्यातून नियमित रक्कम काढून ठेवतात आणि ती रक्कम मुक्या जनावरांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते, ही अर्थव्यवस्था अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावे अशी आहे. एकदा उत्साहाने दिलेल्या देणगीपेक्षा असा लहान पण अखंड प्रवाहच अशा संस्थेला जगवतो.

कुत्र्यांच्या बाबतीत मात्र पांजरपोळीची मर्यादा लवकरच दिसू लागली. गाय, बैल किंवा घोडा म्हातारा झाला तर त्याला चारा, पाणी आणि सावली मिळाल्यावर त्याचे उरलेले दिवस बरे जातात. कुत्र्याचे तसे नसते. अनोळखी कुत्र्यांच्या गर्दीत कोंडलेला म्हातारा कुत्रा अन्नापर्यंत पोहोचत नाही, पोहोचला तर तरुण कुत्री त्याला हुसकावतात, आणि एकाला झालेला संसर्ग आठवड्याभरात सर्वांना होतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईला आलेल्या युरोपीय प्रवाशांनी पांजरपोळींतील जनावरांच्या अवस्थेविषयी पुष्कळ प्रतिकूल लिहिले. त्यांतील पूर्वग्रह वगळले तरी गर्दी आणि रोगराई ही वस्तुस्थिती उरतेच. न मारण्याचे व्रत पांजरपोळीने प्रामाणिकपणे पाळले. रोगनिदान, वेगळे ठेवणे आणि वेदना कमी करणे ही तिच्या स्थापनेच्या काळात कोणालाच पुरेशी अवगत नव्हती.

ती विद्या शतकाच्या उत्तरार्धात आली. लंडनमध्ये मेरी टीलबी या बाईंनी १८६० मध्ये हॉलोवे येथे हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरते निवासस्थान उघडले होते. १८७१ मध्ये ते बॅटर्सी येथे हलले आणि तेथे आजही चालू आहे. या कल्पनेचा गाभा 'तात्पुरते' या शब्दात होता, कारण कुत्र्याला जुना मालक परत मिळवून देणे किंवा नवा मालक शोधणे हा तिचा हेतू होता, आणि ठरावीक मुदतीत दोन्ही न साधल्यास कुत्र्याला वेदनारहित मरण देण्याची वाट तिने खुली ठेवली होती. मुंबईत १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी संस्था स्थापन झाली आणि पुढील दशकात गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नीच्या नावाने 'बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय' उभे राहिले. त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. परळचे हे आवार म्हणजे मुंबईतील प्राणिमात्रांच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची जागा होय, कारण दानधर्म आणि वैद्यकशास्त्र यांची गाठ येथे पडली. आज मुंबईत रस्त्यावर जखमी पडलेले कुत्रे उचलणारा माणूस टॅक्सीवाल्याला 'परळच्या बैलघोड्याच्या हॉस्पिटलात' न्यायला सांगतो. त्या लोकांच्या तोंडच्या नावात ट्रामचे घोडे आणि बंदरावरचे बैल यांचा काळ गोठून राहिला आहे.

परंतु वेदनारहित मरण हा विचार मुंबईतील जैनांना आणि बहुसंख्य हिंदूंना पटण्यासारखा नव्हता, आणि त्याच वेळी रेबीजची म्हणजे कुत्रा चावल्याने होणाऱ्या जीवघेण्या अलर्काची भीती खरी होती. लुई पाश्चरने १८८५ मध्ये माणसावर लशीचा पहिला यशस्वी प्रयोग केला, १९११ मध्ये कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी आपली लस तयार केली, तरी लशीपर्यंत पोहोचू न शकणारे लोक मरत राहिले. नगरपालिकांनी कुत्री मारण्याचा जुनाच मार्ग धरला. या वादाला सर्वांत खोल वळण महात्मा गांधींनी दिले. १९२६ मध्ये अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या गिरणीच्या आवारातील सुमारे साठ मोकाट कुत्री मारवली आणि गांधींनी त्यांना दोष दिला नाही. त्यावर संतापाची लाट उसळली आणि 'यंग इंडिया'तून त्यांनी काही आठवडे लेखमाला चालवून आपली भूमिका मांडली. त्या भूमिकेचा सारांश असा की बिनधन्याचा कुत्रा ही समाजाच्या अज्ञानाची आणि आळसाची खूण आहे, वाटेतल्या कुत्र्याला तुकडा टाकून आपण दया केली असे मानणे ही आत्मवंचना आहे, आणि ज्याला कुत्र्याविषयी खरी कणव आहे त्याने त्याला घरी न्यावे किंवा त्याला नीट सांभाळणाऱ्या संस्थेचा भार उचलावा. मारण्याला त्यांनी दिलेली संमती अनेकांना आजही खटकते, आणि खटकावी. निर्बीजीकरणाचा पर्याय त्या काळी कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता, हे मात्र विसरता कामा नये. त्यांच्या युक्तिवादाचा दुसरा भाग, म्हणजे कुत्र्याला धनी हवा आणि त्या धन्यावर जबाबदारी हवी हा, वेंदिदादाच्या त्या जुन्या आज्ञेच्या फार जवळ जातो, आणि सोडून दिलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या प्रश्नावर इतके नेमके बोट त्यापूर्वी कोणी ठेवले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर नृत्यांगना आणि राज्यसभा सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी संसदेत धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला, आणि १९६२ मध्ये त्याखाली स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. या कायद्याच्या कलम ११ मध्ये, भूक किंवा तहान यांमुळे जनावराला यातना होतील अशा परिस्थितीत त्याला वाजवी कारणाशिवाय सोडून देणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून लिहिला गेला. म्हाताऱ्या कुत्र्याच्या दृष्टीने ही ओळ महत्त्वाची होती. मुंबईतील व्यवहार मात्र पुढेही तीस वर्षांहून अधिक काळ जुन्याच वाटेने चालला. महापालिकेच्या गाड्या कुत्री पकडत होत्या आणि महालक्ष्मीच्या कोंडवाड्यात ती विजेच्या धक्क्याने मारली जात होती. त्यांत घरातून काढलेली कुत्रीही असत, आणि पकडणाऱ्याकडे सर्वांत आधी जात तीच, कारण माणसाची भीती त्यांना नव्हती.

१९८० च्या दशकात मुंबईत स्वयंसेवी संस्थांनी ही हत्या थांबवण्यासाठी चळवळ सुरू केली. मारण्याने कुत्र्यांची संख्या घटत नाही, रिकाम्या झालेल्या जागेत नवी कुत्री येतात आणि रेबीज तसाच राहतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही तोवर मान्य केले होते. १९९४ मध्ये मुंबईतील हत्या थांबली, १९९८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्बीजीकरणासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि २००१ मध्ये केंद्र सरकारचे श्वान जन्मनियंत्रण नियम देशभर लागू झाले. या नियमांनुसार कुत्र्याला पकडून, निर्बीज करून, रेबीजची लस टोचून, ओळखीसाठी कानाला खाच देऊन जेथून उचलले तेथेच परत सोडायचे असते. रस्त्यावर जन्मलेल्या कुत्र्यासाठी ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले. सोडून दिलेल्या घरच्या कुत्र्याला मात्र 'जेथून उचलले तेथे' याला काही अर्थच नाही, कारण ते ठिकाण म्हणजे बहुधा मालकाने गाडीचे दार उघडून त्याला उतरवले ते महामार्गाचे वळण किंवा समुद्रकिनारा असतो. २०२३ च्या सुधारित नियमांतही पाळीव कुत्र्याचे लसीकरण आणि निर्बीजीकरण ही मालकाचीच जबाबदारी आहे. टाकून दिलेल्या म्हाताऱ्याच्या पुनर्वसनाची निश्चित यंत्रणा मात्र अजून कोठेच नाही, आणि ते काम स्वयंसेवी संस्थांवर आणि एकेकट्या माणसांवर पडले आहे.

सोडून देण्याचे प्रमाण वाढण्यामागे मध्यमवर्गाच्या राहणीतील बदल आहे. उदारीकरणानंतर जातिवंत कुत्र्यांची बाजारपेठ फोफावली, थंड हवेतील हस्की आणि सेंट बर्नार्ड मुंबईच्या दमट हवेतल्या फ्लॅटमध्ये आले, आणि पिल्लू म्हणून घेतलेला कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो व शेवटची काही वर्षे औषधपाण्यावर जगतो, हा हिशेब घेणाऱ्याने केला नाही. पुनर्विकासात घर बदलणे, परदेशी बदली, घरातील वृद्धाचे निधन, मादी विण्याच्या वयापलीकडे जाणे, ही सोडण्याची नेहमीची कारणे होत. सरकारने २०१६ मध्ये व्यापारी पैदाशीसाठी कुत्र्यांच्या आयातीवर बंदी घातली आणि २०१७ मध्ये पैदासकारांसाठी नियम केले. तरी त्यांची अंमलबजावणी दुबळीच राहिली. २०२० च्या टाळेबंदीच्या सुरुवातीला कुत्र्यांपासून करोना पसरतो अशी अफवा उठली आणि अनेक शहरांत पाळीव कुत्री रस्त्यावर आली, तेव्हा जीवजंतू कल्याण मंडळाला ती अफवा खोडून काढणारे पत्रक काढावे लागले.

असा कुत्रा उचलल्यानंतर जे काम सुरू होते ते आता बरेच शास्त्रशुद्ध झाले आहे, आणि त्याचे स्वरूप थोडे जवळून पाहण्याजोगे आहे. मोठ्या चणीचा कुत्रा साधारण सातव्या वर्षी आणि लहान चणीचा दहाव्या वर्षाच्या आसपास म्हातारा गणला जातो. वय ठाऊक नसल्यास दातांची झीज, बुबुळावरची निळसर झाक आणि नाकपुडीभोवतीचे पांढरे केस यांवरून अंदाज बांधतात. पहिले दोन आठवडे त्याला इतर कुत्र्यांपासून दूर ठेवले जाते. पाठीवरच्या किंवा कानामागच्या जखमेत माशीने अंडी घातलेली असतील तर आत अळ्या वळवळत असतात. त्या चिमट्याने एकेक काढून, जखम धुऊन रोज पट्टी बदलावी लागते. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत गोचिडांचे घोसच्या घोस असतात, आणि गोचिडांतून येणारा ताप रक्तातील पेशी खाऊन टाकत असल्याने रक्ताची तपासणी आधी करावी लागते. त्यानंतर मूत्रपिंडे, हृदय, सांधे. नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या मादीत गर्भाशयात पू होण्याचा आणि स्तनांत गाठी होण्याचा धोका पाहावा लागतो. खूप दिवस उपाशी असलेल्या कुत्र्याला दया येऊन एकदम पोटभर खाऊ घालणे घातक ठरते, कारण रक्तातील क्षारांचे प्रमाण ढासळून तो त्यातच मरू शकतो; म्हणून थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा, मऊ शिजवलेला भात आणि कोंबडीचे पाणी, दात गेलेले असतील तर तेही कालवून दिले जाते. कठीण हाड आणि गरम अन्न यांविषयीची ती अवेस्तन आज्ञा आधुनिक पशुवैद्य वेगळ्या शब्दांत आजही सांगतो.

शरीर सावरल्यावरही अर्धेच काम झालेले असते. घर गमावलेला म्हातारा कुत्रा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडतो, खाणे सोडतो, रोजच्या वाटेवरच्या गाडीचा आवाज आला की मान उचलतो आणि पुन्हा खाली टाकतो. आश्रयस्थानातील कर्मचारी कितीही प्रेमळ असला तरी शंभर कुत्र्यांत त्याच्या वाट्याला दिवसाची थोडीच मिनिटे येतात. म्हणूनच अनुभवी संस्था अशा कुत्र्यासाठी आश्रयस्थानापेक्षा 'तात्पुरते घर' शोधतात, म्हणजे कायमचा दत्तक घेणारा मिळेपर्यंत एखादे कुटुंब त्याला आपल्याकडे ठेवते, आणि औषधांचा खर्च संस्था करते. पांजरपोळ आणि लंडनचे तात्पुरते निवासस्थान यांतील चांगले ते घेऊन आणि दोन्हींतील उणे टाळून ही पद्धत घडली आहे: मारायचे नाही, आणि कोंडूनही ठेवायचे नाही.

अशा पुनर्वसनाचे मुंबईतील सर्वांत ठळक उदाहरण पोलिसांच्या श्वानपथकातून आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात बॉम्बशोधक पथकातील मॅक्स, टायगर, सुलतान आणि सीझर या लॅब्रेडॉर कुत्र्यांनी स्फोटके शोधून असंख्य प्राण वाचवले, आणि निवृत्तीनंतर या चौघांना एका प्राणिप्रेमी कार्यकर्तीने विरारजवळच्या आपल्या शेतघरात नेले. चौघे एकत्र राहिले, हिंडले, म्हातारे झाले. २०१६ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने ते एकामागून एक गेले; टायगरच्या मृत्यूनंतर सीझर उदास झाल्याचे त्या वेळच्या वृत्तपत्रांनी नोंदवले, आणि ऑक्टोबरमध्ये तोही गेला. लष्करात मात्र निवृत्त कुत्र्यांना मारण्याची जुनी प्रथा होती, आणि ती २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर प्रश्न उपस्थित झाल्यावरच मागे पडू लागली. सेवा केलेल्या कुत्र्याचे वार्धक्य हे सेवा घेणाऱ्याचे देणे आहे, हे तत्त्व राज्यसंस्थेने इतक्या उशिरा आणि इतक्या अडखळत मान्य केले.

घरोघरच्या कुत्र्यांसाठी मात्र हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकातच अडकून पडले आहे. १९६० च्या कायद्यात कुत्र्याला सोडून देण्याच्या पहिल्या गुन्ह्यासाठी दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत दंड लिहिलेला आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दंड आणि शिक्षा वाढवणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला होता. तो कायदा होईपर्यंत, म्हाताऱ्या कुत्र्याला महामार्गावर उतरवून निघून जाण्याच्या पहिल्या गुन्ह्याची किंमत या देशात जास्तीत जास्त पन्नास रुपये आहे.